सिरिंजमध्ये नेमकं काय आहे, ते आधी विचारा

पत्र: माझं वय ३१. चार वर्षांपासून कपाळाचे कोपरे मागे सरकत आहेत आणि माथ्यावर गोल विरळ झालंय. वडिलांचं असंच झालं होतं. गेल्या वर्षी मिनॉक्सिडिल हे केस उगवायचं औषध लावून पाहिलं, पण दीड महिन्यात केस आणखीच गळायला लागले म्हणून सोडलं. आता एका क्लिनिकनं सहा सिटिंगचं स्टेम सेल पॅकेज सुचवलंय. ‘मेलेली मुळं जिवंत होतात, नंतर आयुष्यभर काही लावावं लागत नाही’ असं तिथे सांगितलं. सोबत धाकटी बहीण होती. तिचं बाळ चार महिन्यांचं आहे आणि तिचे केस झुबक्यांनी गळतात. तिलाही तेच पॅकेज घ्यायला सांगितलं, दोघांनी मिळून घेतलं तर सवलत. आठवड्याभरात आगाऊ रक्कम भरायची आहे. भरू का? आणि हे खरं नसेल, तर पुढे कधी उपचार निघाला तर उपयोगी पडतील म्हणून निदान आत्ताची मुळं गोठवून ठेवू का?

उत्तर: आगाऊ रक्कम भरू नका आणि बहिणीलाही भरू देऊ नका. तुम्हा दोघांचे केस दोन अगदी वेगळ्या कारणांनी गळत आहेत. तुमच्या कारणावर स्टेम सेलचा सिद्ध झालेला उपचार आज जगात कुठेही नाही, आणि बहिणीला बहुधा उपचाराचीच गरज नाही. दोघांना एकच पॅकेज सुचवलं गेलं, एवढ्यावरूनच तिथे निदान झालेलं नाही हे कळतं.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, आणि त्या तुमच्या डोक्यात आजही आहेत. केसाचं प्रत्येक मूळ त्वचेत एखाद्या लांबट पिशवीसारखं बसलेलं असतं. थंडीत अंगावर काटा आणणारा बारीकसा स्नायू या पिशवीला जिथे चिकटतो, तिथे तिच्या भिंतीला किंचित फुगवटा असतो. केसाच्या मूलपेशी याच फुगवट्यात राहतात. १९९० साली जॉर्ज कॉट्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या त्वचेत हे दाखवून दिलं. तोवर केस उगवणाऱ्या पेशी मुळाच्या अगदी तळाशी असतात अशीच समजूत होती. तळाशी असतो तो डर्मल पॅपिला, म्हणजे पेशींचा एक छोटा गोळा. तो स्वतः केस बनवत नाही, पण फुगवट्यातल्या मूलपेशींना ‘आता कामाला लागा’ हा निरोप त्याच्याकडून जातो. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आकसतं, मग सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो आणि गळतो. पुढचा केस उगवायचा तर पॅपिलाचा निरोप पुन्हा यावा लागतो.

वडिलांकडून किंवा आईकडून आलेल्या टकलात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पॅपिलावर काम करतं. पॅपिला लहान होत जातो, त्याचा निरोप क्षीण होतो, वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो. केस दर फेरीला अधिक बारीक आणि आखूड उगवतो, आणि शेवटी नुसती लव उरते. २०११ साली कॉट्सारेलिस यांच्याच गटानं एकाच पुरुषाच्या टकलाच्या आणि केसाळ भागातली त्वचा शेजारी शेजारी ठेवून तपासली. मूलपेशींची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखी निघाली. टकलाच्या भागात कमी होत्या त्या पुढच्या टप्प्यावरच्या, मूलपेशींपासून तयार होऊन केस बनवायला निघालेल्या पेशी. म्हणजे बी आहे, ते रुजत नाही. तिथे आणखी बी टाकून काय होणार, हा प्रश्न तुम्ही क्लिनिकला विचारायला हवा. ‘मेलेली मुळं’ हा शब्दच तुमच्या बाबतीत चुकीचा आहे.

मुळं खरंच मरतात असेही आजार आहेत, आणि तुमचा आजार त्यांतला नाही याची खात्री करून घेणं फार गरजेचं आहे. चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती मुळाच्या तळावर हल्ला करते, पण फुगवट्याला सहसा धक्का लावत नाही. म्हणून चाई गुळगुळीत दिसली तरी तिथे केस परत येऊ शकतात. व्रण पाडणाऱ्या केसगळतीत, उदाहरणार्थ लायकेन प्लॅनोपायलॅरिसमध्ये, दाह नेमका फुगवट्यावर होतो, मूलपेशी नष्ट होतात आणि तिथे पुन्हा केस येत नाही. तुम्हाला टाळूवर जळजळ होत असेल, मुळांभोवती लाली किंवा खपल्या असतील, विरळ भागात त्वचेची बारीक छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर हे उत्तर बाजूला ठेवून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे ४ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून तपासतात. दाह लवकर आटोक्यात आला तर शेजारची मुळं वाचतात.

संशोधनात काहीच घडलेलं नाही, असं समजू नका. १९९९ साली कॉलिन जाहोडा आणि अमांडा रेनॉल्ड्स यांनी पुरुषाच्या डोक्यातल्या केसाच्या मुळाभोवतीचं आवरण घेऊन ते एका स्त्रीच्या हाताच्या त्वचेत रोवलं, आणि तिथे नवे केस उगवले. मुळाच्या तळाकडच्या पेशींना नवं मूळ घडवता येतं, हे माणसात त्यामुळे दिसलं. मग साहजिक वाटलं, की या पेशी प्रयोगशाळेत वाढवून लाखोंनी टोचाव्यात. घोडं इथेच अडलं. काचेच्या सपाट तबकडीवर वाढवल्या की पॅपिलाच्या पेशी केस घडवण्याची हातोटीच विसरतात. संख्या वाढते, गुण जातो. २०१३ साली त्या थेंबात लोंबकळत ठेवून गोळ्याच्या रूपात वाढवल्या, तेव्हा हरवलेली हातोटी काही प्रमाणात परत आली. सात दात्यांपैकी पाच जणांच्या पेशींनी उंदरावर रोवलेल्या मानवी त्वचेत केस उगवले. पण ते उंदराच्या पाठीवर, माणसाच्या माथ्यावर नव्हे.

माणसांवरची नीट आखलेली एक चाचणी जपानमध्ये झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले. ५० पुरुष आणि १५ स्त्रिया, त्यांच्याच डोक्याच्या मागच्या केसांच्या तळातल्या आवरणपेशी वाढवून टोचलेल्या, आणि तुलनेसाठी त्याच डोक्यावर नुसत्या द्रवाचं इंजेक्शन. सहा आणि नऊ महिन्यांनी फरक मोजता आला, पण तो माफक होता. गंमत म्हणजे तो सगळ्यांत कमी मात्रेला दिसला, जास्त पेशींना नाही. ‘तुम्हाला इतके कोटी पेशी देतो’ असं कुणी छाती ठोकून सांगितलं तर ही चाचणी आठवा. त्याच वर्षी कार्ल कोलर यांच्या गटानं मानवी मूलपेशींपासून तबकडीत केसांसह त्वचा वाढवली. तिला साडेचार महिन्यांच्या आसपास वेळ लागला. फार मोठं काम आहे ते. तरी त्यातून माथ्यावर हव्या त्या दिशेला, हव्या त्या दाटीनं, एकामागून एक फेऱ्यांत उगवत राहणारा केस मिळण्यापर्यंतचं अंतर अजून कापायचं आहे. आणखी एक वाट म्हणजे बाहेरून पेशी न आणता झोपलेल्या मूलपेशींना जागं करणारं औषध शोधणं. मूलपेशी जाग्या होतात तेव्हा त्यांचा ऊर्जेचा व्यवहार लॅक्टेट या रसायनाकडे झुकतो, असं २०१७ साली उंदरांत दिसलं, आणि त्या धाग्यावरची लावायची औषधं आता माणसांवरच्या चाचण्यांत आहेत. आम्हाला ही वाट जास्त आशेची वाटते, कारण २०११च्या निष्कर्षाशी तिचा मेळ बसतो.

आता तुमच्या पॅकेजकडे वळू. ‘स्टेम सेल’ हे नाव लावून प्रत्यक्षात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी टोचल्या जातात.

सर्वांत जास्त वेळा ते पीआरपी असतं. हातातून १० ते ३० मिलिलिटर किंवा थोडं जास्त रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, लाल पेशी खाली बसतात आणि बिंबाणू म्हणजे प्लेटलेट दाट झालेला पिवळसर द्रव माथ्यात टोचतात. यात मूलपेशी नगण्य असतात. बिंबाणूंमधून वाढीला चालना देणारी प्रथिनं सुटतात आणि काही जणांत केसांची जाडी व दाटी थोडी वाढते, असे पुरावे आहेत. पण यंत्र, फिरवण्याचा वेग, बिंबाणूंचं प्रमाण सगळीकडे वेगळं, त्यामुळे निकालही वेगळे. साधारण महिन्याच्या अंतरानं तीन-चार वेळा घेऊन पुढेही अधूनमधून घ्यावं लागतं. पीआरपी म्हणून कुणी सांगून दिलं तर तो निदान प्रामाणिक व्यवहार आहे. स्टेम सेल म्हणून दिलं तर नाही.

दुसरा प्रकार पोटाच्या चरबीचा. ५० ते १०० मिलिलिटर चरबी ओढून काढतात, कोलॅजिनेज नावाच्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, ३७ अंश सेल्सिअसला विरघळवतात, फिरवून तळाशी बसलेला साका घेतात. यात मूलपेशी थोड्या असतात खऱ्या, पण रक्तपेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी अशी सगळी सरमिसळ असते. शिवाय त्या चरबी, हाड, कूर्चा घडवणाऱ्या वंशातल्या. त्या केसाचं नवं मूळ घडवत नाहीत, फार तर आसपासच्या मुळांना पोषक रसायनं पुरवतात. विकर नीट धुतलं गेलं नाही तर ते माथ्यात जातं, आणि चरबी काढण्याच्या जागी सूज, काळंनिळं पडणं, जंतुसंसर्ग हे धोके वेगळे.

तिसरा सूक्ष्म कलमांचा. डोक्याच्या मागून २ ते २.५ मिलिमीटर व्यासाचे दोन-तीन तुकडे काढतात, छोट्या यंत्रात त्यांचा चुरा करून बारीक जाळीतून गाळतात आणि तो द्रव टोचतात. यात केसाच्याच मुळांतल्या पेशी असतात, म्हणून कल्पना चरबीपेक्षा तर्काला धरून आहे. मात्र चुरा होताना किती पेशी जिवंत राहिल्या, हे बहुतेक ठिकाणी कुणी मोजत नाही, आणि याबद्दलचे अभ्यास लहान व थोड्या महिन्यांचे आहेत.

चौथा एक्सोसोमचा. पेशी वाढवलेल्या द्रवातले ३० ते १५० नॅनोमीटरचे कण वेगळे काढून कुपीत भरतात. यात पेशीच नसते, त्यामुळे ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणणं इथेही खोटं. कुठल्या माणसाच्या पेशींपासून काढले, विषाणूंची तपासणी झाली का, एका कुपीत किती आहेत, याची एकसारखी मोजमापं ठरलेली नाहीत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं डिसेंबर २०१९ मध्ये एक्सोसोम टोचून घेतलेल्यांना झालेल्या गंभीर त्रासानंतर जाहीर इशारा दिला आणि अशा एकाही उत्पादनाला मान्यता नसल्याचं सांगितलं.

पाचव्या प्रकाराला स्पष्ट नकार द्या. नाळेच्या किंवा वारेच्या, म्हणजे परक्या माणसाच्या ‘जिवंत’ पेशींची कुपी. जिवंत मूलपेशी द्रव नायट्रोजनच्या थंडीत साठवाव्या लागतात, वापराआधी नेमक्या पद्धतीनं वितळवाव्या लागतात आणि त्यानंतर किती जिवंत उरल्या हे मोजावं लागतं. साध्या फ्रिजमधून कुपी निघाली तर तिच्यात जिवंत पेशी असण्याची आशा सोडा. आणि जंतू असले तर? २०१८ साली अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून केलेलं उत्पादन सांध्यांत आणि पाठीत टोचून घेतलेल्या १२ जणांना जिवाणूंचा संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं. न उघडलेल्या कुप्यांमध्येही जिवाणू सापडले.

सफरचंदाच्या वगैरे वनस्पतींच्या स्टेम सेलचं सीरम हा सहावा प्रकार. वनस्पतीची पेशी माणसाचा केस उगवू शकत नाही, आणि बाटलीत ती जिवंतही नसते. एवढं पुरे.

तुम्ही म्हणाल, मग क्लिनिकमधले आधीचे-नंतरचे फोटो खोटे का? सगळे खोटे असतीलच असं नाही. टोचणं हाच एक उपचार आहे, हे लक्षात घ्या. २०१३ साली १०० पुरुषांवर १२ आठवड्यांचा एक अभ्यास झाला. अर्ध्यांना नुसतं मिनॉक्सिडिल दिलं, अर्ध्यांना मिनॉक्सिडिलसोबत आठवड्यातून एकदा १.५ मिलिमीटर लांबीच्या सुयांचा रोलर. सुयावाल्या गटात मोजलेल्या जागेतले केस सरासरी ९१नं वाढले, दुसऱ्या गटात २२नं. सुईच्या बारीक जखमेनंही मुळांना चालना मिळते. आता तुमच्या पॅकेजमध्ये सहा वेळा माथ्यावर शेकडो टोचण्या, सोबत ‘परिणाम टिकावा म्हणून’ दिलेलं मिनॉक्सिडिल आणि गोळी, असं असेल तर केस आले त्याचं श्रेय कुपीला कसं द्यायचं? म्हणूनच खऱ्या चाचणीत डोक्याच्या एका भागात औषध आणि दुसऱ्या भागात नुसता द्रव टोचून, कुठे काय आहे हे मोजणाऱ्याला न सांगता, केस मोजतात. शिवाय ओले केस आणि कोरडे केस, वरचा दिवा आणि समोरचा दिवा, मान खाली आणि मान वर, एवढ्यानंच एकाच दिवशी काढलेले दोन फोटो वर्षाच्या फरकाचे वाटतात.

क्लिनिकला तरी एकदा विचारायचंच असेल तर उत्तरं लेखी मागा. पेशी कुणाच्या आणि शरीराच्या कुठल्या भागातल्या? प्रयोगशाळेत वाढवता का, वाढवत असाल तर किती दिवस, आणि ती प्रयोगशाळा कुणाच्या परवान्यावर चालते? टोचण्याच्या दिवशी किती पेशी, त्यांतल्या किती टक्के जिवंत, निर्जंतुकतेचा अहवाल कुठे? निदान काय लिहिलंय आणि ते कशावरून केलं? हा मान्यताप्राप्त उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर नोंदणी क्रमांक मागा आणि चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत तो स्वतः शोधा. त्या नोंदीत तुमचा आजार, तीच पेशी आणि तेच ठिकाण आहे का बघा, कारण दुसऱ्याच चाचणीचा क्रमांक दाखवला जातो. नोंद असणं म्हणजे मान्यता नव्हे, हेही ध्यानात असू द्या. आणि खऱ्या चाचणीत सहसा रुग्णाकडून प्रयोगाच्या औषधाचे पैसे घेत नाहीत, दोघांना मिळून सवलत तर नाहीच नाही. ‘आठवड्याभरात ठरवा’ या घाईमागे वैद्यकीय कारण काहीही नाही. तुमचं टक्कल चार वर्षांत इथवर आलंय, ते आठवड्यात पुढे धावणार नाही.

तुमचं खरं नुकसान वेगळीकडे होतंय, आणि ते वाचून आम्हाला वाईट वाटलं. गेल्या वर्षी तुम्ही मिनॉक्सिडिल दीड महिन्यात सोडलंत. औषध कामाला लागल्याची खूण म्हणजे अपाय, असं समजून. हे औषध विश्रांतीत बसलेल्या मुळांना वाढीच्या फेरीत ढकलतं. खालून नवा केस निघाला की वर बसलेला जुना गळतो. म्हणून दुसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत गळती वाढू शकते, आणि मग ती थांबते. ही गोष्ट बाटली हातात देतानाच सांगायला हवी होती.

तर आता असं करा. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान पक्कं करून घ्या. दुर्बिणीसारख्या छोट्या उपकरणातून माथा बघितला की शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत फरक दिसतो. २० टक्क्यांहून अधिक केसांत असा फरक असेल तर वंशानं आलेलं टक्कल, हे जवळपास नक्की. डोक्याच्या मागच्या भागाशी तुलना मुद्दाम करायला सांगा. तिथले केस शाबूत असायला हवेत.

निदान तेच निघालं तर ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल, १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा. केसांना नव्हे, भांग पाडत जाऊन त्वचेला, आणि टाळू कोरडी असताना. लावल्यावर चार तास धुऊ नका, हात मात्र लगेच धुवा. रात्रीचं झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीला लागून चेहऱ्यावर लव येते. खाज सुटली तर बहुतेकदा त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे असते, ते नसलेला फेस मिळतो. घरात मांजर असेल तर फार जपा, थोडंसं चाटलं तरी तिच्या जिवावर बेततं. छातीत धडधड, पायावर सूज किंवा चक्कर आली तर थांबवून डॉक्टरांना सांगा. परिणाम चौथ्या महिन्यापासून दिसायला लागतो, निकाल बाराव्या महिन्यात लावा. काही जणांच्या टाळूत हे औषध कामाला लावणारं विकर कमी असतं, त्यांना फायदा होत नाही. अशा वेळी कमी मात्रेच्या गोळीचा विचार डॉक्टर करू शकतात.

पॅपिला आक्रसवणाऱ्या संप्रेरकावर थेट काम करते ती फिनास्टेराइडची रोज १ मिलिग्रॅमची गोळी. पुरुषांच्या टकलासाठी तिला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. रक्तातलं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन ती सुमारे ७० टक्क्यांनी उतरवते. शंभरात दोनेक जणांना कामेच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचं जाणवतं, बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर सुधारतं, काहींनी ते नंतरही राहिल्याचं सांगितलंय. मन उदास होणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणं हेही दुष्परिणामांत नोंदलेलं आहे. तसं काही जाणवलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल, किंवा मूल होण्याचा प्रयत्न चालू असेल, तर सुरू करण्याआधी सांगा. गोळी चालू असताना आणि सोडल्यावर महिनाभर रक्तदान नको. पुढे कधी प्रोस्टेटची पीएसए तपासणी झाली तर गोळीमुळे आकडा निम्मा दिसतो, हेही सांगावं लागतं. घरात गर्भवती असेल तर तिनं फुटलेली गोळी हाताळू नये, मुलग्याच्या गर्भाला अपाय होऊ शकतो.

हे दोन्ही उपचार थांबवले की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. ‘आयुष्यभर काही लावावं लागत नाही’ हे ऐकायला गोड वाटतं ते यामुळेच, आणि तुमचा कंटाळा आम्हाला समजतो. पण लव झालेल्या मुळाला परत जाड केस देणं अवघड आणि अजून जाड असलेल्याला टिकवणं सोपं, म्हणून ३१व्या वर्षी हातात असलेली ही वर्षं मोलाची आहेत. केसरोपणाचा विचार सहा महिने ते वर्षभर औषधं घेऊन गळती स्थिरावल्यावरच करा. मागच्या भागातली मुळं पुढे लावली तरी आपला मूळ स्वभाव राखतात, हे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली मांडलं. म्हणून ती टिकतात. पण तो साठा मोजका असतो. आज घाईनं पुढची रेषा भरलीत आणि मागचा माथा उघडा होत गेला, तर त्याला मुळं उरत नाहीत.

फोटो मात्र आजपासून काढायला घ्या. दर तीन महिन्यांनी, कोरडे केस, तीच खोली, तोच दिवा, तेवढंच अंतर, कपाळाचा, माथ्याचा आणि दोन्ही कोपऱ्यांचा एकेक. रोज आरशात बघून काहीही कळत नाही, उगाच जीव खालवर होतो.

बहिणीला हे वाचायला द्या. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे गळायचे केस गळतच नाहीत, वाढीतच थांबून राहतात. बाळंतपणानंतर ते सगळे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी एकत्र गळतात. तिचं बाळ चार महिन्यांचं आहे, म्हणजे वेळ अगदी जुळतो. मुळं, मूलपेशी, पॅपिला सगळं शाबूत आहे. बहुतेकींचे केस बाळ वर्षाचं होईपर्यंत पूर्ववत होतात. कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे नवे केस दिसायला लागले की समजायचं, परतीची वाट सुरू झाली. तिनं हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच तपासून घ्यावं, कारण बाळंतपणानंतर लोह घटतं आणि पहिल्या वर्षात थायरॉइडचा दाहही होऊ शकतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात, त्या थायरॉइडचे आकडे चुकवतात. अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिल स्वतःहून सुरू करू नये, आणि तुमची फिनास्टेराइड तर तिच्यासाठी नाहीच. वर्ष उलटूनही भांग रुंदच राहिला तर तिनं तज्ज्ञाला दाखवावं.

राहिला मुळं गोठवण्याचा प्रश्न. मागच्या भागातली काही मुळं काढून खूप खालच्या तापमानाला साठवता येतात, आणि वितळवल्यावर त्यांतून पेशी वाढवता येतात, इथपर्यंत ते खरं आहे. त्यांतून केस देणारा उपचार मात्र अजून नाही, आणि तो आला तरी तुमच्या आज साठवलेल्या पेशी त्याच्या पद्धतीला चालतील याची हमी कुणी देऊ शकत नाही. शिवाय तुमच्या डोक्याच्या मागची मुळं या संप्रेरकाला दाद देत नाहीत, म्हणजे पुढेही तिथेच मिळतील. साठवणीचं दरवर्षीचं भाडं भरण्याऐवजी ती रक्कम निदानाला आणि वर्षभराच्या औषधाला वापरा. बाराव्या महिन्याचे फोटो पहिल्या फोटोंशेजारी ठेवून काय दिसतंय ते आम्हाला जरूर लिहा.